टेक्सासच्या रस्त्याकडेचे काळे फलक: वाचायचे कसे, लावायचे कसे, बिघडतं कुठे

टेक्सासमध्ये शहर मागे पडलं की हायवेच्या कडेला ‘पुढे इतिहासफलक’ अशी छोटी पाटी दिसते. थोडं पुढे गाडी बाजूला घेण्यापुरती जागा असते. तिथे खांबावर काळ्या पार्श्वभूमीचा, चंदेरी उठावदार अक्षरांचा ॲल्युमिनियमचा फलक उभा असतो. राज्यात असे 16 हजारांहून जास्त फलक आहेत. थांबणारे लोक शीर्षक वाचतात, फोटो काढतात आणि निघतात. वाचायला सुरुवात करायची ती खरं तर तळापासून. मजकूर संपल्यावर कंसात एक वर्ष असतं. ते घटनेचं नाही, फलक लावल्याचं वर्ष आहे. फलकावर काय लिहिलं गेलं आणि काय गाळलं गेलं, याचा निम्मा उलगडा त्या एका आकड्यात होतो. फलक लावायचा की नाही हे कोण ठरवतं, पैसे कोण देतं, पुरावा म्हणून काय चालतं, हे सगळं दर काही दशकांनी बदलत गेलेलं आहे.

हे समजून घ्यायला एक काउंटी नीट पाहू या. टेक्सासच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीवर, रिओ ग्रांद नदीकाठी प्रेसिडिओ काउंटी आहे. क्षेत्रफळ जवळजवळ 10 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित लहान. सातारा जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 30 लाख माणसं होती. प्रेसिडिओत 2020 च्या जनगणनेत 6,131. मुख्य ठिकाण मार्फा, बिग बेंड नॅशनल पार्कपासून गाडीने साधारण दोन तासांवर. काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, पण तिथे कलेक्टर नसतो. एक निवडून आलेला ‘काउंटी जज’ आणि चार निवडून आलेले कमिशनर मिळून कारभार पाहतात. त्या मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. नावात कोर्ट असलं तरी बजेट, रस्ते, नेमणुका ही कामं तिथे होतात. टेक्सासमध्ये अशा 254 काउंट्या आहेत.

याच कमिशनर्स कोर्टाने नेमलेला ‘काउंटी हिस्टॉरिकल कमिशन’ हा गट आपल्या विषयातला कळीचा माणूस. किमान सात रहिवासी, दोन वर्षांची मुदत, पगार नाही. निवृत्त शिक्षक, जुन्या रँचवाल्या (गुरांच्या मोठ्या कुरणांच्या) घरातलं कोणी, लायब्ररीत काम करणारं कोणी, अशी माणसं त्यात असतात. प्रत्येक फलकाचा अर्ज आधी या गटाच्या हातून जातो. राजधानी ऑस्टिनमधलं राज्याचं ‘टेक्सास हिस्टॉरिकल कमिशन’ (पुढे नुसतं ‘आयोग’) त्यानंतर येतं. सहा हजार लोकांच्या काउंटीत हे सात-आठ जण सगळ्यांना ओळखतात. काही वेळा हेच वरदान असतं, काही वेळा हीच अडचण. तिच्याकडे पुढे येऊच.

तीन पिढ्यांचे फलक

सगळ्यात जुनी पिढी 1936 ची. टेक्सास 1836 मध्ये मेक्सिकोपासून वेगळा झाला. त्याच्या शताब्दीला राज्याने आणि केंद्राने पैसा ओतला. ग्रॅनाइटचे दगड, पुतळे, स्मारक-संग्रहालयं उभी राहिली आणि प्रत्येक काउंटीसाठी ब्राँझचा तारा बसवलेला दगड आला. या दगडांवरची भाषा त्रोटक आणि ठाम आहे. ‘वसाहतकारांनी वाळवंट जिंकलं’ असा सूर. आधीपासून तिथे राहणारे लोक बहुधा ‘हल्ला करणारे’ म्हणूनच येतात. प्रेसिडिओसारख्या काउंटीत हे विशेष खटकतं, कारण तिथल्या ला हुंता दे लोस रिओस भागात, रिओ ग्रांद आणि कोंचोस नद्यांच्या संगमावर, स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून शेती करणारी गावं होती.

दुसरी पिढी 1962 नंतरची. आज दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फलकांची योजना त्या वर्षी सुरू झाली, आणि नेमकी तीच अमेरिकी यादवी युद्धाच्या शताब्दीची वर्षं होती, 1961 ते 1965. त्यामुळे साठच्या दशकात कॉन्फेडरेट, म्हणजे त्या युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या, सैन्याच्या छावण्या, वाटा, अधिकारी यांवर फलकांची रांग लागली. तेव्हाचे फलक सगळे कॅपिटल अक्षरांत, तुटक वाक्यांत, आणि स्रोतांचा पाया बऱ्याचदा कच्चा. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी तशाच धातूत उतरल्या.

तिसरी पिढी आजची. अर्जासोबत तळटिपांसह लेखी इतिहास द्यावा लागतो आणि मजकूर ऑस्टिनमधले कर्मचारी लिहितात. शिवाय ‘अंडरटोल्ड’ नावाची वेगळी योजना आहे. इतर अर्जांच्या शुल्कातून जमलेल्या निधीतून, आजवर कमी सांगितल्या गेलेल्या विषयांवरच्या फलकांचा खर्च त्यातून भागवला जातो. गरीब वस्तीचा किंवा पांगून गेलेल्या समाजाचा इतिहास पैशाअभावी मागे पडत होता, त्यावरचा हा उपाय.

इतर राज्यांत रंग-रूप वेगळं. व्हर्जिनियाने 1927 मध्ये योजना सुरू केली आणि फलकांना रस्त्यानुसार अक्षर-अंकांचे क्रमांक दिले. न्यूयॉर्कमध्ये निळ्यावर पिवळी अक्षरं असतात आणि तिथे आता बराचसा खर्च पॉमेरॉय फाउंडेशन ही खासगी संस्था करते. तळाशी वर्ष शोधण्याची सवय मात्र कुठेही उपयोगी पडते.

फलक लागला म्हणजे इमारत वाचली?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. रस्त्याकडेचा साधा ‘विषयफलक’ फक्त माहिती देतो. त्यामागची इमारत मालकाने उद्या पाडली तरी फलक आडवा येत नाही. थोडं कायदेशीर बळ हवं असेल तर ‘रेकॉर्डेड टेक्सास हिस्टॉरिक लँडमार्क’ हा दर्जा मिळवावा लागतो. इमारत किमान 50 वर्षं जुनी हवी आणि तिचं मूळ रूप शिल्लक हवं. हा दर्जा मिळाला की बाहेरून बदल करण्याआधी मालकाने आयोगाला 60 दिवस आधी कळवायचं. आयोग ती मुदत थोडी वाढवू शकतो, सल्ला देऊ शकतो, पण कायमचं थांबवू शकत नाही. म्हणजे हे कुलूप नाही, विचार करायला मिळालेली सवड आहे.

‘नॅशनल रजिस्टर’ची गंमत याहून वेगळी. केंद्राच्या या यादीत नाव आलं तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने काय वाट्टेल ते करू शकतो. यादीत असण्याचा फायदा पैशांत होतो. उत्पन्न देणारी जुनी इमारत नियमानुसार दुरुस्त केली तर खर्चाच्या 20 टक्के केंद्रीय करसवलत, आणि टेक्सासमध्ये वर राज्याची 25 टक्के. त्यात मेख अशी की दुरुस्ती आधी करून मग अर्ज केला तर बहुतेकदा सवलत हातची जाते. जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवणं हे नकाराचं नेहमीचं कारण.

काउंटीचं कोर्टहाउस, म्हणजे न्यायालय आणि कचेऱ्यांची इमारत, मात्र जरा जास्त सुरक्षित. ते पाडायचं, विकायचं किंवा त्याचं रूप बिघडवणारं काही करायचं तर राज्याला सहा महिने आधी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. मार्फाचं 1886 मधलं तीन मजली, घुमटावर न्यायदेवता असलेलं कोर्टहाउस राज्याच्या 1999 मध्ये सुरू झालेल्या कोर्टहाउस-जतन योजनेतल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. देवतेच्या हातात तराजू नाही. एका काउबॉयने गोळी झाडून तो पाडला अशी दंतकथा आहे. दंतकथा म्हणून ती छान आहे, फलकावर जायला पुरेशी नाही.

अर्ज: पाच पानं आणि बराच धूळपसारा

विषय कोणता चालेल याचे नियम ठरलेले आहेत. गाव, संस्था, इमारत असेल तर साधारण 50 वर्षं झालेली हवीत. ऐतिहासिक घटना असेल तर 30 वर्षं. व्यक्ती असेल तर मृत्यूनंतर 10 वर्षं. अर्जाचं शुल्क 100 डॉलर, ते परत मिळत नाही. अर्ज मंजूर झाल्यावर 27 इंच बाय 42 इंचांच्या मोठ्या फलकाचा खर्च वेगळा, खांबासह दोन हजार डॉलरच्या आसपास धरून चालावं. अर्ज वर्षातून ठरावीक काळातच घेतले जातात. अर्जापासून अनावरणापर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

अर्जाचा गाभा म्हणजे पाच ते दहा पानांचा लेखी इतिहास. त्याचे भाग ठरलेले: आधी त्या भागाची पार्श्वभूमी, मग विषयाची माहिती, मग त्याचं महत्त्व, शेवटी पुरावे. लोक दुसऱ्या भागावर जीव ओततात आणि तिसरा दोन ओळींत उरकतात. अर्ज अडतो तो तिथेच. ‘आमच्या पणजोबांनी इथे 1890 मध्ये रँच घेतलं’ ही माहिती झाली. ते रँच त्या काउंटीच्या कहाणीत का मोजायचं, हे महत्त्व. तपासणारा त्याचीच वाट पाहत असतो.

पुरावे शोधताना काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

जमिनीचे जुने दस्त काउंटी क्लार्कच्या कचेरीत असतात. टेक्सास संघराज्यात आला तेव्हा सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवून आला, त्यामुळे जमिनीचे चौकोनी तुकडे पाडणारी केंद्राची मोजणी इथे नाही. मूळ सनदा ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसमध्ये मिळतात आणि मापं स्पॅनिश असतात. एक ‘वारा’ म्हणजे टेक्सासमध्ये 33⅓ इंच. एक ‘लीग’ म्हणजे सुमारे 4,428 एकर. दस्तात 1,900 वारा लिहिलेलं असेल आणि तुम्ही ते यार्ड समजून नकाशावर टाकलं, तर खूण 400 फुटांनी चुकते. फलक भलत्याच टेकाडावर लागायला एवढं पुरे.

काउंटीच्या सीमाही हलल्या आहेत. प्रेसिडिओ काउंटी कागदावर 1850 मध्ये झाली, कारभार 1875 मध्ये सुरू झाला, आणि तेव्हा मुख्य ठिकाण फोर्ट डेव्हिस होतं. ते 1885 मध्ये मार्फाला हललं. 1887 मध्ये जेफ डेव्हिस आणि ब्रुस्टर या काउंट्या तिच्यातून वेगळ्या काढल्या गेल्या. त्यामुळे आज ब्रुस्टरमध्ये असलेल्या ठिकाणाचा 1884 मधला व्यवहार शोधायचा असेल तर तो प्रेसिडिओच्या वह्यांत शोधावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस ‘नोंदच नाही’ म्हणून परत येतो.

जनगणनेचे मूळ कागद 72 वर्षांनी खुले होतात. 1950 चे 2022 मध्ये खुले झाले. 1890 ची गणना शोधू नका, तिचे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या 1921 च्या आगीनंतर उरलेच नाहीत. सरहद्दीवरच्या काउंटीत आणखी एक फास आहे. गणना करणारे इंग्रजी बोलणारे आणि घरातली माणसं स्पॅनिश. कानावर पडेल तसं नाव लिहिलेलं. त्यामुळे एकच कुटुंब दहा वर्षांच्या अंतराने तीन वेगळ्या नावांनी सापडतं. नावापेक्षा वयं, शेजारी आणि मुलांचा क्रम जुळवणं जास्त भरवशाचं.

गावातल्या इमारतींसाठी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे सोन्यासारखे. एक इंचाला 50 फूट. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. दोन वेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की मधल्या काळात काय जळालं, काय वाढलं ते कळतं. जुनी वर्तमानपत्रं नॉर्थ टेक्सास विद्यापीठाच्या ‘पोर्टल टू टेक्सास हिस्टरी’वर फुकट शोधता येतात. त्यांतली बातमी मात्र त्या वेळच्या वाचकाला काय ऐकायचं होतं ते सांगते, हे ध्यानात ठेवूनच वापरावी.

आणि ‘पहिला’, ‘सर्वांत जुना’, ‘एकमेव’ हे शब्द. अर्जात ते दिसले की तपासणारा पेन्सिल उचलतो, आणि ते बरोबरच आहे. ‘काउंटीतली पहिली शाळा’ म्हणायचं तर आधीची एकही नव्हती हे सिद्ध करावं लागतं. सहसा त्याचा अर्थ ‘इंग्रजी बोलणाऱ्यांची पहिली’ एवढाच निघतो.

दोनशे शब्दांचं भांडण: पोरव्हेनिर

दहा पानांच्या इतिहासातून फलकावर उतरतात साधारण दोनशे शब्द. लिहितात आयोगाचे कर्मचारी, पण मसुदा अर्जदाराकडे आणि काउंटीच्या गटाकडे तपासायला जातो. इथे काय होऊ शकतं याचं उदाहरण प्रेसिडिओ काउंटीतच घडलं.

28 जानेवारी 1918 च्या पहाटे रिओ ग्रांदच्या काठावरच्या पोरव्हेनिर या छोट्या वस्तीला टेक्सास रेंजर्सच्या, म्हणजे राज्याच्या सशस्त्र पोलिस दलाच्या, कंपनी ‘बी’ने वेढा घातला. सोबत काही स्थानिक रँचवाले आणि अमेरिकी घोडदळाचे सैनिक होते. महिनाभर आधी, 1917 च्या नाताळात, ब्राइट रँचवर दरोडा पडला होता. त्याच्याशी संबंध असल्याचा संशय हे निमित्त. वस्तीतले 15 निःशस्त्र पुरुष आणि मुलगे बाजूला नेऊन गोळ्या घालून मारले गेले. उरलेले जवळपास 140 जण नदी ओलांडून मेक्सिकोत पळाले आणि वस्ती संपली. गावच्या शाळेचे मास्तर हॅरी वॉरन यांनी मेलेल्यांची नावं लिहून ठेवली. त्यांचे सासरेही त्या पंधरांत होते. त्याच वर्षी गव्हर्नरांनी ती कंपनी बरखास्त केली. 1919 मध्ये आमदार होसे कानालेस यांनी विधिमंडळात रेंजर्सच्या वागणुकीची चौकशी लावून धरली. खटला कुणावरच चालला नाही.

शंभर वर्षांनी, इतिहासाच्या अभ्यासकांच्या आणि मेलेल्यांच्या वंशजांच्या प्रयत्नांतून या हत्याकांडावर फलक मंजूर झाला. मजकूर तयार होऊन तो ओतायला जायच्या टप्प्यावर असताना काउंटीच्या ऐतिहासिक गटाकडून हरकत आली. काम थांबलं. मजकुरावर पुन्हा खल झाला, वंशज आणि अभ्यासक बोलले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. शेवटी 30 नोव्हेंबर 2018 ला फलकाचं अनावरण झालं. तो उभा आहे मार्फाच्या पश्चिमेला हायवे 90 च्या कडेला. मूळ जागा तिथून कितीतरी दूर, नदीकाठच्या ओसाड भागात आहे.

या प्रकरणात प्रक्रियेच्या तीन नाजूक जागा एकदम उघड्या पडतात. पहिली, स्थानिक गटाचा शब्द. त्याच्याकडे औपचारिक नकाराधिकार नसला तरी वेळ खाण्याची ताकद असते, आणि लहान काउंटीत जमिनी, नाती, जुनी वैरं सगळी त्याच टेबलाभोवती बसलेली असतात. दुसरी, क्रियापदं. ‘मारले गेले’ आणि ‘रेंजर्सनी मारले’ यांत कर्ता उरतो की गळतो एवढाच फरक, पण भांडण त्याच्यावरच होतं. मसुदा हातात आला की विशेषणांआधी क्रियापदं तपासावीत. तिसरी, जागा. लोक थांबतील अशा रस्त्यावर फलक लावायचा की घटना घडली तिथे, हे ठरवावं लागतं. मधला मार्ग म्हणून मजकुरात अंतर आणि दिशा स्पष्ट लिहितात. ते लिहिलं नाही तर वाचणारा पायाखालच्या जमिनीलाच घटनास्थळ समजतो.

ओतकाम, खांब, रंग

मंजूर मजकुराचा आधी साचा बनतो. प्लेटवर उठावदार अक्षरं बसवून तो नमुना ओलसर वाळूत दाबतात, ठसा उमटतो, त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात. हा धातू 660 अंश सेल्सिअसला वितळतो आणि गार होताना सुमारे सव्वा टक्का आक्रसतो. म्हणून 42 इंचांचा फलक हवा असेल तर नमुना अर्धा इंच मोठा करतात. मग घासणं, काळा रंग, आणि अक्षरांचे माथे पुन्हा चकचकीत करणं. ओहायोतल्या मॅरिएटा गावचा सीवा स्टुडिओज हा कारखाना 1927 पासून अनेक राज्यांचे फलक असेच वाळूत ओतत आला आहे.

ओतल्यावर एक अक्षर चुकलेलं दिसलं तर खोडरबर नसतो, अख्खी प्लेट नवी करावी लागते. म्हणून शेवटचा मसुदा मोठ्याने, उलटीकडून, एकेक शब्द बोट ठेवून वाचावा. स्पॅनिश नावांवरच्या स्वरचिन्हांची खात्री त्या कुटुंबाकडूनच करून घ्यावी. जन्म-मृत्यूची वर्षं कबरीवरच्या दगडाशी आणि मृत्यूच्या दाखल्याशी, दोन्हींशी ताडून पाहावीत. ती पुष्कळदा जुळत नाहीत.

हायवेच्या हद्दीत फलक लावायचा तर राज्याच्या वाहतूक खात्याची परवानगी लागते. वळणावर, चढाच्या माथ्यावर किंवा गाडी थांबवायला जागा नसलेल्या ठिकाणी ती मिळत नाही. खासगी जमिनीवर मालकाची लेखी संमती पुरते, पण मालक बदलला की फलक कुंपणाच्या आत जाऊ शकतो. लोक तिथवर पोचू शकतील का, हे आधी पाहावं.

नंतर काय बिघडतं? ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण पश्चिम टेक्सासचं ऊन काळा रंग उडवतं आणि अक्षरं-पार्श्वभूमी सारखीच राखाडी दिसू लागतात. गवत कापणारी यंत्रं आणि गाड्या खांबाला धडकतात. 1936 च्या दगडांवरचं ब्राँझ चोरीला जातं. साफ करताना साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा. तारेचा ब्रश, ब्लीच आणि दाबाच्या पाण्याचा फवारा नको. रंग उडालेल्या फलकाला स्वतःहून रंग लावायचा मोह होतो, पण आजकालच्या फलकांवर तळाशी तो टेक्सास राज्याच्या मालकीचा असल्याचं लिहिलेलंच असतं. काउंटीच्या गटाला कळवावं.

मजकूरच चुकीचा असेल तर? आयोगाकडे पुनर्तपासणीची विनंती करता येते. ‘मला पटत नाही’ एवढं चालत नाही, चूक कोणती आणि खरं काय याचा कागदोपत्री पुरावा जोडावा लागतो. काही वेळा फलक बदलतात, काही वेळा खाली पुरवणी पट्टी लावतात. 1936 आणि साठच्या दशकातल्या फलकांचं काय करायचं यावर दोन मतं आहेत. चुका असलेला जुना फलकही आता त्या काळाचा पुरावा झाला आहे. तो हटवण्यापेक्षा शेजारी नवा लावलेला आम्हाला जास्त पटतो. अपमानकारक भाषा असेल तर मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो.

मातीच्या भिंती

प्रेसिडिओ काउंटीचा बराचसा वारसा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा, म्हणजे अडोबीचा आहे. नदीकाठचा फोर्ट लीटन, रुइडोसाचं चर्च, मार्फातली ब्लॅकवेल शाळा. या भिंती पावसाने पडतात असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा जीव बऱ्याचदा सिमेंट घेतं. विसाव्या शतकात ‘पक्कं’ करायचं म्हणून अडोबीवर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा केला गेला. सिमेंटला तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. आतली माती ओली राहते, पायथ्याशी पोखरली जाते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत एक दिवस बसते. उपाय जुनाच आहे: माती किंवा चुन्याचा गिलावा, जो श्वास घेतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. त्याच्या जोडीला पागोळ्यांचं पाणी पायापासून दूर न्यायचं. मातीच्या घरात वाढलेल्या आपल्या आजीला हे नवं वाटलं नसतं.

ब्लॅकवेल शाळेकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. 1909 ची ही इमारत मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली शाळा होती. कायद्यात तशी सक्ती नव्हती, रिवाज होता. 1954 मध्ये मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायला लावून ‘स्पॅनिश भाषेचं दफन’ झेंड्याच्या खांबाजवळ समारंभाने करण्यात आलं. शाळा 1965 मध्ये बंद झाली. इमारत हातची जाण्याची वेळ आली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी संघटना काढून ती धरून ठेवली. त्यांच्या पाठपुराव्यातून ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि 2024 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेली. जतनाच्या कामात कागद-दगडांच्या आधी माणसं गोळा करावी लागतात ती अशासाठी. ज्यांना त्या वर्गातला बाक आठवतो, त्यांची मुलाखत आज घ्यायची. नाव, तारीख, ठिकाण सुरुवातीलाच बोलून रेकॉर्ड करायचं आणि लेखी संमती त्याच दिवशी घ्यायची. संमती नसलेलं रेकॉर्डिंग पुढे कुठलंच संग्रहालय वापरू शकत नाही.

कबरस्तानं

ग्रामीण काउंटीत सगळ्यात लवकर हरवतात ती लहान कबरस्तानं. रँचच्या आत, चार-सहा कबरी, काही ठिकाणी फक्त दगडांचे ढीग आणि लाकडी क्रूस. टेक्सासमध्ये इथे कायदा बराच भक्कम आहे. कबरस्तान म्हणून वापरलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. ती कुणाच्या खासगी जमिनीने वेढलेली असली तरी भेट देणाऱ्याला वाजवी वेळी, वाजवी वाटेने जाण्याचा हक्क आहे. मालकाला आधी फोन करणं हा शिष्टाचार झाला, आणि बंदुका बाळगणाऱ्या भागात शहाणपणही. नोंद नसलेलं कबरस्तान कुणाला सापडलं तर दहा दिवसांत काउंटी क्लार्ककडे सूचना द्यावी लागते.

‘हिस्टॉरिक टेक्सास सिमेट्री’ हा दर्जा घेण्याचं खरं कारण फलक नाही. तो मिळाला की कबरस्तानाची हद्द जमिनीच्या दस्तऐवजांत नोंदली जाते, आणि पुढे जमीन विकत घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. त्यासाठी किमान 50 वर्षांचं जुनेपण, नकाशा, हद्दीचं वर्णन आणि थोडा इतिहास लागतो. फलक नंतर, पैसे जमले तर.

कबरीवरची अक्षरं वाचायला लोक शेव्हिंग क्रीम फासतात किंवा खडू घासतात. क्रीममधली रसायनं दगडाच्या छिद्रांत राहतात आणि खडू दगड झिजवतो. हातातला आरसा धरून ऊन तिरकं पाडा, किंवा संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. झिजलेली अक्षरं सावलीने उठून येतात आणि फोटोतही उतरतात. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, शेजारच्या कबरी फ्रेममध्ये घ्या, आणि दगडाची पाठही टिपा. एखाद्या घराण्याचं नाव पुष्कळदा तिथेच कोरलेलं असतं.